देऊळ, राई आणि सडा

(आई वाघजाईच्या मंदिराच्या जीर्णोद्धार व कलशारोहण सोहळ्यानिमित्त भरलेल्या ग्रामस्थ मेळाव्यातील भाषण)



आईच्या कृपेने आणि आपणा सर्वांच्या कष्टाने हे देऊळ पुन्हा उभे राहिले. कोणी वर्गणी दिली, कोणी चिरे वाहिले, कोणी आलेल्या गवंड्यांना दोन्ही वेळचे जेवण घातले. मुंबईकर मंडळींनी दर महिन्याला पैसे जमवून पाठवले. या सर्वांचे आभार आधीच्या वक्त्यांनी मानले आहेत, त्यामुळे मी ते पुन्हा मानत बसत नाही. मला समितीने "दोन शब्द बोला" असा आदेश दिला आहे, आणि त्या दोन शब्दांसाठी मी विषय निवडला आहे तो देवळाच्या भिंतीबाहेरचा. देवळाच्या मागची राई आणि देवळाच्या वरचा सडा, या दोहोंविषयी मला आज बोलायचे आहे.

देऊळ म्हणजे काय, असे विचारले तर आपण गाभारा, सभामंडप, दीपमाळ, कळस असे दाखवतो. पण आपल्या पूर्वजांना विचारले असते तर त्यांनी बोट दाखवले असते ते राईकडे. कोकणातील किती तरी ठिकाणी आधी राई होती, राईत एक पाषाण होता, आणि छप्पर पुष्कळ नंतर आले. रत्नागिरी जिल्ह्यात आपण तिला देवरहाटी म्हणतो, घाटावर देवराई म्हणतात. म्हणजे देवाची राहण्याची जागा ती. आपण आज जीर्णोद्धार केला तो छपराचा आणि भिंतींचा. आईच्या खऱ्या घराचा जीर्णोद्धार अजून व्हायचा आहे, असे माझे नम्र मत आहे.

राईचा जुना कायदा आपणा सर्वांना ठाऊक आहे. राईतली हिरवी फांदी तर सोडाच, पडलेली काटकीसुद्धा चुलीत घालायची नाही. देवळाच्या कामासाठी किंवा गावाच्या मोठ्या अडचणीसाठी झाड हवेच असेल, तर गुरवाने देवीला कौल लावायचा, आणि कौल उजवा मिळाला तरच कुऱ्हाड उचलायची. आजच्या मुलांना ही अंधश्रद्धा वाटेल. परंतु कचेरीत काम करणाऱ्या माणसाच्या नजरेने पाहा. हा एक अर्ज होता, त्यावर सर्वांसमक्ष सुनावणी होती, आणि परवानगीशिवाय तोड नव्हती. एकट्यादुकट्याला मनात आले म्हणून झाड तोडता येत नव्हते. एवढ्या साध्या व्यवस्थेवर या राया शेकडो वर्षे टिकल्या.

त्या टिकल्यामुळे काय राहिले, हे पुढे शास्त्रज्ञांनी पाहिले. डॉ. माधव गाडगीळ आणि डॉ. वा. द. वर्तक यांनी सह्याद्रीतील देवरायांचा अभ्यास करून १९७६ साली आपला निबंध प्रसिद्ध केला, आणि महाराष्ट्रातील या रायांकडे जगाचे लक्ष गेले. आजूबाजूचे डोंगर उघडे पडले तरी राईत जुन्या जंगलाचा नमुना शिल्लक होता. आपल्याच राईत पाहा. बेहडा आहे, किंजळ आहे, सातवीण आहे, सुरंगी आहे, काजरा आहे. दोन माणसांच्या कवेत न मावणाऱ्या झाडावर चढलेली गारंबीची वेल आहे. गारंबीच्या त्या लांबच लांब शेंगा बघायला मुले अजून जातात. ही झाडे कोणी रोपवाटिकेतून आणून लावलेली नाहीत.

आपल्याच कोकणातील दोन उदाहरणे सांगतो. सिंधुदुर्ग जिल्ह्यात आंबोलीला हिरण्यकेशी नदीचा उगम आहे, तेथे महादेवाचे देऊळ व कुंड आहे. त्या पाण्यात माशाची एक नवी जात सापडली आणि २०२० साली तिला 'शिस्टुरा हिरण्यकेशी' असे नाव मिळाले. पुढच्याच वर्षी, २०२१ मध्ये, महाराष्ट्र शासनाने ती जागा जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. दुसरे उदाहरण दोडामार्ग तालुक्यातील बांबर्डे गावाच्या राईचे. तेथे पाणथळ जमिनीत रानजायफळाची दुर्मीळ झाडे आहेत. लोकांनी देवाची राई म्हणून ती राखली होती, आज तीही जैविक वारसा स्थळ आहे. दोन्ही ठिकाणी शासनाचा कागद मागाहून आला. त्या आधी कित्येक पिढ्या ती जागा राखली ती देवावर श्रद्धा असणाऱ्या गावकऱ्यांनी.

राईचा आणि आपल्या पाण्याचा संबंध तर माता-भगिनींना मी सांगायला नको. आपल्या जिल्ह्यात सव्वाशे इंचांच्या वर पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो आणि पऱ्यातून, नदीतून, खाडीतून समुद्राला मिळतो. म्हणून एवढा पाऊस पडूनही दरवर्षी उन्हाळ्यात जिल्ह्यातील काही वाड्यांना टँकरचे पाणी लागते. राईत पावसाचा थेंब थेट जमिनीवर आदळत नाही. तो आधी पानावर, मग फांदीवर, मग जमिनीवरच्या पालापाचोळ्याच्या गादीवर पडतो, सावकाश मुरतो, आणि खालच्या झऱ्याला महिनोन् महिने पाणी पुरवतो. राईखालच्या झऱ्यावर गावाची तहान भागली आहे. नळ आले ही चांगली गोष्ट झाली. पण नळाच्या विहिरीला पाणी कोठून येते, याचाही विचार करायला हवा.

आता सड्याकडे येतो, कारण राईविषयी निदान आदराने बोलले जाते, सड्याविषयी कोणी बोलतच नाही.

मी तालुक्याच्या कचेरीत कारकून आहे. सातबाराचे कागद रोज हाताखालून जातात. सड्याच्या जमिनीपुढे कागदावर बहुधा 'पोटखराब' हा शब्द असतो. या शब्दाने आपल्या गावांचे फार नुकसान केले आहे. पोटखराब याचा अर्थ महसुलाच्या भाषेत एवढाच की ही जमीन लागवडीला अयोग्य आहे किंवा सार्वजनिक उपयोगाची आहे, म्हणून तिच्यावर शेतसारा आकारलेला नाही. पोटखराबात वर्ग 'अ' येतो तो खडकाळ, लागवडीस अयोग्य जमिनीचा. वर्ग 'ब' मध्ये रस्ता, पायवाट, लोक वापरतात तो ओढा किंवा तळे, स्मशान अशा जागा येतात. म्हणजे ज्या वाटेने आपण चालतो आणि ज्या पाण्यावर जगतो, तीही कागदावर 'खराब'च. तो शब्द सरकारच्या साऱ्यापुरता आहे. त्यावरून जमीन वाईट आहे, पडीक आहे, तिचे काहीही केले तरी चालेल, असा अर्थ काढायचा नसतो.

मृग लागला की या 'खराब' जमिनीवर काय होते ते पाहा. जांभ्याच्या कातळावर बोटभर, चारबोटभर माती. तेवढ्या मातीत वर्षभर बी दडून बसलेले असते. पहिल्या सरींनंतर सडा हिरवा होतो, आणि श्रावण-भाद्रपदात त्यावर रंगाचे गालिचे पडतात. जांभळट निळी सीतेची आसवे, पांढरे गेंद, पिवळा कवला, गुलाबी तेरडा. दवबिंदू नावाची एक इवलीशी वनस्पती असते. तिच्या पानांवर दवासारखे चिकट थेंब असतात आणि त्यांत अडकलेला किडा ती पचवते. सीतेची आसवेही आपल्या बारीक पिशव्यांत सूक्ष्म जीव पकडतात. याचे कारण शास्त्रज्ञ सांगतात ते असे की, कातळावरच्या मातीत नत्र फार थोडे असते, म्हणून या वनस्पतींनी ते किड्यांपासून मिळवण्याची युक्ती साधली. अशी काटकसर करून जगणारी ही फुले चांगल्या काळ्या मातीत लावली तर तगणार नाहीत. त्यांना सडाच हवा.

आणि ही फुले आपल्या देवधर्माच्या बाहेरची नाहीत. गौरी आणायची ती तेरड्याची. गणपतीवर जी माटवी बांधतो, तिला कळलावीची फुले, शेरवडाची पांढरी पाने, रानातली फळे लागतात. पावसाळ्याच्या सुरुवातीला फोडशी, टाकळा, भारंगी या भाज्या घरोघर होतात, त्याही सड्यावरून आणि सड्याच्या कडेने खुडलेल्या. सडा गेला तर गौरीसाठी तेरडा बाजारातून विकत आणायचा काय? काही गावांत ती वेळ आली आहे.

सड्याची दुसरी कामगिरी पाण्याची. जांभा दगड सच्छिद्र. सड्यावर पडलेले पाणी भेगांतून आत उतरते आणि सड्याच्या पायथ्याच्या विहिरींना व झऱ्यांना मिळते. म्हणून वरचा सडा आणि खालची राई ही एकच व्यवस्था समजली पाहिजे. वर पाणी धरले जाते, खाली ते राखले जाते, आणि मध्ये आईचे देऊळ आहे. पूर्वजांनी देवळाची जागा उगाच निवडली नाही.

मग आता बिघडले काय? मी कोणा व्यक्तीला दोष देत नाही. जी कारणे सर्वांना दिसतात तीच सांगतो.

पहिले कारण वणवा. पूर्वी घरटी गुरे होती. सड्यावरचे गवत काही गुरे चरत, काही लोक भातकापणीनंतर कापून आणीत. आज गोठे रिकामे झाले. गवत उभेच वाळते, आणि माघ-फाल्गुनात कोणाच्या भाजावळीची ठिणगी किंवा कोणाची विडी त्याला पुरते. आग सड्यावरून उतरून राईच्या कडेला लागते. दरवर्षी राईची एक एक रांग मागे सरकते आहे.

दुसरे कारण परके झाड-झुडूप. रानमोडी आणि घाणेरी यांनी राईच्या कडा वेढल्या आहेत. जेथे आगीने किंवा तोडीने जागा मोकळी होते, तेथे रानमोडी पहिली येते. तिचे बारीक बी वाऱ्याने उडते आणि तिच्या गर्दीत बेहड्याचे, जांभळीचे रोप वर येत नाही. त्याच्या जोडीला आपण स्वतः चांगल्या हेतूने लावलेली झाडे आहेत. १९८० च्या दशकात कोकणात अनेक सड्यांवर ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली गेली. ती हिरवी दिसते हे खरे, पण तिच्या सावलीत आणि पाचोळ्यात सड्याची फुले येत नाहीत. मोकळी जागा दिसली की वृक्षारोपण करायचे, अशी आपल्याला सवय लागली आहे. सड्याला झाडांची गरज नाही. ती मोकळीच राहिली पाहिजे. झाडे लावायची हौस असेल तर राईच्या कडेला तुटलेल्या जागी लावा, आणि राईतलीच बिये घेऊन लावा.

तिसरे कारण कचरा आणि वाहने. मोबाईलवर फुलांचे फोटो येऊ लागल्यापासून श्रावणात बाहेरची मंडळी सड्यावर गाडी घालतात. पाहुणे आले तर आनंद आहे. पण चारबोटभर मातीवरून एकदा मोटारीचे चाक गेले की त्या चाकोरीत पुढे कित्येक वर्षे फूल येत नाही.

चौथे कारण मात्र आपल्या घरचे आहे, आणि तेच सांगण्यासाठी मी आज उभा राहिलो. जीर्णोद्धाराच्या दुसऱ्या टप्प्याचा आराखडा समितीने सर्वांना दाखवला. त्यात तीन गोष्टी आहेत. देवळामागे राईत पेव्हर ब्लॉक बसवून सुशोभीकरण. सड्याच्या कडेला वाहनतळ. आणि नव्या छपराला धोका नको म्हणून देवळामागचा पोकळ बेहडा काढणे. समितीचा हेतू शुद्ध आहे याबद्दल माझ्या मनात शंका नाही. भाविकांची सोय व्हावी, म्हाताऱ्या माणसांना चिखलातून यावे लागू नये, हाच त्यामागचा विचार आहे. तरीही समितीच्या सर्व ज्येष्ठांची क्षमा मागून मी म्हणतो की, या तिन्ही गोष्टींचा पुन्हा विचार व्हावा.

राईत फरशी बसली म्हणजे पाला झाडून काढावा लागतो. पाला गेला की गादी गेली, गादी गेली की मुरणारे पाणी गेले, आणि नवीन रोप तर फरशीतून उगवणारच नाही. आजची झाडे राहतील, परंतु त्यांच्यामागे मुलेबाळे राहणार नाहीत. म्हाताऱ्यांसाठी वाट हवी, तर रस्त्यापासून देवळापर्यंत आपली जुनी जांभ्याची पाखाडी दुरुस्त करावी. ती टिकते, पाय घसरत नाही, आणि दोन दगडांमधून पाणीही मुरते.

वाहनतळासाठी सडाच हवा असे नाही. शाळेजवळचा रस्त्यालगतचा माळ मोकळा आहे. तेथून देवळापर्यंत चालायला दहा मिनिटेही लागत नाहीत. जे चालू शकत नाहीत, त्यांच्यापुरती एखादी गाडी वर येऊ द्यावी. देवीच्या दर्शनाला येणाऱ्याने दहा मिनिटे राईच्या सावलीतून चालणे ही गैरसोय कशी म्हणावी?

आणि तो बेहडा. झाड पोकळ झाले म्हणजे निरुपयोगी झाले असे आपण समजतो. धनेश पक्षी अशाच जुन्या झाडाच्या ढोलीत घरटे करतो. मादी ढोलीत शिरून आतून तोंड लिंपून घेते, फक्त चोच जाईल एवढी फट ठेवते. पुढे कित्येक आठवडे नर बाहेरून एकेक फळ आणून तिला आणि पिलांना भरवतो. उन्हाळ्याच्या त्या महिन्यांत नर मेला किंवा झाड पडले तर आतले सगळे कुटुंब संपते. धनेश फळे खाऊन दूर दूर बी टाकतो, म्हणजे राईची पेरणी करणारा गडीच तो. नवीन झाडाला ढोली पडायला दोन-तीन पिढ्या जातात. छपराला खरोखर धोका असेल तर जाणत्या माणसाला दाखवून झुकलेली फांदी पावसाळ्यानंतर उतरवावी. खोड राखावे. आणि तोडायचेच असे कोणाचे म्हणणे असेल, तर जुन्या रिवाजाप्रमाणे देवीला कौल लावावा आणि शासनाची परवानगीही घ्यावी. मध्येच आपणच परस्पर ठरवू नये.

परवानगीचा विषय निघाला म्हणून कायद्याचे थोडे सांगतो. देवरहाटीची जमीन कोठे शासनाच्या नावे, कोठे देवस्थानाच्या, कोठे वनखात्याकडे असते. परंतु १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, जंगल हे मालकी कोणाची आहे यावरून ठरणार नाही, प्रत्यक्ष जंगल असेल तर त्याला वन कायदा लागू. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये राजस्थानातील ओरण म्हणजे तिकडच्या देवरायांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने त्यांची पाहणी व नोंद करण्यास सांगितले, आणि देशभरच्या देवरायांसाठी केंद्राने धोरण करावे असे सुचवले. तेव्हा उद्या कोणी हरकत घेतली तर आपले बांधकाम अडकेल आणि वर्गणीचा पैसाही अडकेल. हे भीती घालण्यासाठी सांगत नाही, वेळीच सावध असावे म्हणून सांगतो.

कायद्याने आपल्या हातात अधिकारही दिलेला आहे. २००२ च्या जैविक विविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी लागते, आणि तिने गावातील झाडे, पशुपक्षी, औषधी व त्यांचे ज्ञान यांची नोंदवही ठेवायची असते. राज्यात पुष्कळ ठिकाणी ही समिती २०१९-२० च्या सुमारास कागदावर झाली आणि नोंदवही कपाटात गेली. ती वही बाहेर काढावी. आपल्या वडीलधाऱ्या बायाबापड्यांना झाडाझुडपांची जी नावे आणि उपयोग ठाऊक आहेत, ते शाळेच्या मुलांनी त्यांच्यापाशी बसून लिहून घ्यावेत. हे काम लांबणीवर टाकण्यासारखे नाही. ती माणसे आहेत तोवरच होईल.

आता मुख्य प्रश्न, हे सगळे करायचे कोणी? पूर्वी राई दोन गोष्टींवर टिकली. एक देवीचा धाक, आणि दुसरी रोजची ये-जा. गुराखी सड्यावर असे, बाया झऱ्यावर असत, त्यामुळे आग लागली, झाड पडले, कोणी कुऱ्हाड घेऊन शिरला, तर तासाभरात गावाला कळे. धाक कमी झाला आणि ये-जाही थांबली. अर्धे गाव मुंबईला. या दोन्ही गोष्टी परत येतील अशी आशा करून बसण्यात अर्थ नाही. त्यांच्या जागी नेमलेली पाळी हवी.

पाळी आपल्याला नवीन नाही. शिमग्याला पालखी कोणत्या दिवशी कोणत्या वाडीत, खांदा कोणाचा, हे सगळे ठरलेले असते. एकही वाडी आपली पाळी चुकवत नाही, उलट मानासाठी भांडते. तशीच राईची आणि सड्याची पाळी लावावी. एकेका वाडीकडे एकेक महिना द्यावा. घरटी वर्षाला दोन दिवस श्रमदान मागावे. शंभर घरांचे गाव धरले तर वर्षाला दोनशे दिवस होतात. दोनशे दिवसांत राईचा एकही कोपरा दुर्लक्षित राहणार नाही. मुंबईकरांनी तर गणपतीला आणि शिमग्याला यायचेच असते. सुदैवाने कामाचे दोन मुख्य हंगामही तेच आहेत. ते कसे, ते सांगतो.

ज्येष्ठात, पाऊस लागताना, राईच्या तुटलेल्या कडांवर जांभूळ, बेहडा, किंजळ, सुरंगी यांचे राईतलेच बी टोचावे. सड्यावर गाड्या जाऊ नयेत म्हणून वाटेवर मोठे चिरे ठेवून फक्त पायवाट मोकळी ठेवावी.

श्रावणात सड्यावर पाळीने दोन माणसे असावीत. येणाऱ्याला हात जोडून सांगावे की, फूल पाहा, पायवाट सोडू नका, मुळासकट काही उपटू नका. गौरीसाठी तेरडा घेताना आपणही एका जागचा सगळा घेऊ नये. बी धरण्यासाठी निम्मा ठेवावा.

भाद्रपदात गणपतीचे विसर्जन झाले की, चाकरमानी परत जाण्यापूर्वी एक सकाळ रानमोडी उपटण्यासाठी द्यावी. तेव्हा माती ओली असते, रानमोडीला फूल आलेले नसते, आणि ती मुळासकट निघते. नंतर कोयत्याने छाटून उपयोग नाही, ती पुन्हा फुटते.

कार्तिकात फुलांचे बी पडून गेले की, सड्यावरचे गवत कापून न्यावे. ज्याच्याकडे गुरे आहेत त्याला चारा होईल, आणि आगीला सरपण उरणार नाही. त्याच वेळी राईच्या सभोवार आठ-दहा हातांची जाळरेषा साफ करावी.

माघापासून शिमग्यापर्यंत पहारा. भाजावळ करणाऱ्याने आधी पाळीवाल्या वाडीला कळवावे. वारा पडल्यावर आणि चार माणसे हाताशी ठेवूनच पेटवावे. होळीसाठी झाड राईतून काढू नये. आणि वैशाखात, मुले सुट्टीला येतील तेव्हा, झरा उपसून स्वच्छ करावा.

हे सगळे करायला पैसा फारसा लागत नाही, नियम लागतो. नियमाने काय होते हे आपल्याच जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातील वेळास गावाने दाखवले. तेथे २००२ पासून समुद्री कासवांची अंडी राखण्याचे काम गावकऱ्यांच्या मदतीने सुरू झाले. रात्री किनाऱ्यावर फिरायचे, अंडी सुरक्षित कुंपणात ठेवायची, पिले निघाली की समुद्रात सोडायची. वर्षानुवर्षे हेच काम. आज ती पिले पाहायला लांबून लोक येतात आणि गावातल्या घरांत उतरतात. गावाचे नाव झाले ते मागाहून, रात्रीचे जागरण आधी होते.

साताऱ्याजवळच्या कास पठाराचा धडा थोडा वेगळा आहे, तोही ध्यानात ठेवावा. २०१२ साली पश्चिम घाटातील ३९ स्थळे जागतिक वारशाच्या यादीत गेली, त्यांत कास आहे. गर्दी लोटली, तेव्हा परिसरातील गावांच्या समितीने प्रवेशशुल्क, रोजच्या पर्यटकांची मर्यादा, वाटाडे अशी चांगली व्यवस्था लावली. परंतु फुलांच्या रक्षणासाठी जे तारेचे कुंपण घातले होते, त्यामुळे गुरांचे चरणे थांबले. गवत माजले, फुलांना जागा कमी पडू लागली, अशी तक्रार स्थानिक लोक आणि अभ्यासक करू लागले. अखेर ते कुंपण काढून टाकण्यात आले. सडा माणसापासून तोडून राखता येत नाही, हा त्याचा अर्थ. बेताने चरणारी गुरे, वेळेवर कापलेले गवत आणि पायवाटेने चालणारी माणसे, हेच त्याचे खरे कुंपण आहे.

अध्यक्ष महाराज, माझ्या तीन विनंत्या आहेत, त्या सभेपुढे ठेवतो. एक, राईतील फरशी आणि सड्याकडेचा वाहनतळ आराखड्यातून वगळून त्या पैशातून पाखाडी दुरुस्त करावी. दोन, बेहड्याचे खोड राखावे. तीन, राईच्या आणि सड्याच्या पाळीची वही देवळात ठेवावी, नवरात्रात घट बसतील त्या दिवशी ती सर्वांसमक्ष वाचावी, आणि ज्या वाडीने पाळी पुरी केली तिचे नाव त्यात लिहावे. येत्या ग्रामसभेत हे तीन ठराव यावेत, आणि ते मांडण्याचे काम समितीच्या ज्येष्ठांनीच करावे, म्हणजे त्यांना मान मिळेल आणि ठरावांना वजन येईल.

काही जण म्हणतील, एवढे मोठे देऊळ बांधले, आता आणखी काम कशाला? त्यांना मी एवढेच सांगेन की, देऊळ बांधणाऱ्यांची नावे आपण आज संगमरवराच्या पाटीवर कोरली, ते योग्यच झाले. पण ज्यांनी राई राखली त्यांची पाटी कोठेच नाही. कोणा गुरवाने रात्री कुऱ्हाडीचा आवाज ऐकून धाव घेतली असेल, कोणा गुराख्याने ओल्या डहाळीने वणवा झोडपला असेल. त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. आपण आज त्यांच्या सावलीत बसलो आहोत, आणि मांडवाला ताडपत्री न लावताही ऊन लागत नाही, ही त्यांचीच कृपा. त्यांच्यासारखे बिनपाटीचे काम करणारी माणसे आपल्या गावात अजून आहेत, अशी माझी खात्री आहे. वहीत पहिली पाळी कोणत्या वाडीची लागते, एवढेच पाहायचे आहे.

  आई वाघजाई सर्वांना सुखी ठेवो, राईतल्या पाखरांना आणि सड्यावरच्या फुलांनाही सुखी ठेवो, अशी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.

आई वाघजाई माते की जय. जय हिंद, जय महाराष्ट्र.